पिलाताचे न्यायासन आणि पौलाचे अपील : रोमी राज्यकारभारातील अधिकारपदे

विश्वासांगीकार म्हणताना आपण दर वेळी एका रोमी अधिकाऱ्याचे नाव उच्चारतो. प्रभू येशू आणि धन्य कुमारी मरिया यांच्याखेरीज त्या पवित्र सूत्रात दुसऱ्या कोणाही मनुष्याचे नाव नाही. आहे ते केवळ पंतय पिलाताचे. प्रभूचे दुःखसहन ही कोठे तरी, केव्हा तरी घडलेली कथा नव्हे, ती एका विशिष्ट प्रांतात, एका विशिष्ट अधिकाऱ्याच्या अमलात घडलेली घटना होय, हे त्या नावामुळे निश्चित होते. असे असूनही हा पिलात नेमका कोण होता, त्याचे पद कोणते, त्याला अधिकार किती व तो कोणाला जबाबदार होता, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ‘सुभेदार’ या एका शब्दापाशी थांबते.

यात दोष कोणाचाही नाही. पवित्र शास्त्र प्रथम मराठीत आणणाऱ्यांनी मोगल व मराठी अमलातील परिचित शब्द हाताशी घेतले. सुभेदार, सरदार, पलटण, चोपदार, जकातदार हे शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले आणि परदेशी कथा आपलीशी झाली. हा लाभ मोठा होता. मात्र त्याबरोबर एक हानीही झाली. यहूदीयाचा पिलात, अखयाचा गल्लियो, कुप्राचा सिर्ग्य पौल, सूरियाचा क्विरीनिय या भिन्न दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यांवर बहुधा एकच पागोटे चढले. मूळ ग्रीक लिहिताना लूक मात्र या बाबतीत काटेकोर आहे. सिर्ग्य पौल व गल्लियो यांना तो ‘अन्थिपातोस’ म्हणजे प्रोकॉन्सल म्हणतो, पिलात व फेलिक्स यांच्यासाठी ‘हेगेमोन’ हा सामान्य शब्द योजतो आणि थेस्सलनीकेच्या नगराधिकाऱ्यांना ‘पोलितार्ख’ हे त्यांचे स्थानिक नावच देतो. हे शेवटचे नाव तत्कालीन ग्रंथकारांच्या लेखनात आढळत नसे, म्हणून पूर्वी काही टीकाकारांनी लूकला दोष दिला. पुढे त्याच नगरात व मासेदोनियाच्या इतर भागांत ते नाव कोरलेले शिलालेख सापडले आणि टीका मिटली.

म्हणून रोमकरांनी आपली अधिकारपदे कशी रचली होती हे थोडक्यात सांगावे आणि त्या प्रकाशात पिलात व पौल यांच्याकडे पुन्हा पाहावे, असा या लेखात आमचा हेतू आहे.

राजसत्ता ठेवली, पण छाटली

रोमच्या परंपरेनुसार इ. स. पू. ५०९ मध्ये तार्क्विन या शेवटच्या राजाला हाकलून देण्यात आले. तेव्हापासून ‘राजा’ हा शब्दच रोमकरांना असह्य झाला. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राजा गेला तरी राजाची सत्ता नाहीशी झाली नाही. सैन्याला हुकूम देणे, न्याय करणे, फटके मारविणे व देहदंड देणे या सर्व अधिकारांना मिळून ‘इम्पेरियम’ असे नाव होते. रोमकरांनी हे इम्पेरियम मोडून टाकले नाही. ते निवडून दिलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती दिले आणि त्याला चारही बाजूंनी कुंपण घातले.

पहिले कुंपण काळाचे. कॉन्सल हे सर्वोच्च पद फक्त एका वर्षासाठी असे. वर्ष संपले की कॉन्सल पुन्हा सामान्य नागरिक होई व त्याच्या कृत्यांचा जाब त्याला विचारता येई. दुसरे कुंपण सहकाऱ्याचे. कॉन्सल एक नसून दोन असत व दोघांचा अधिकार समान असे. एकाने काही करू म्हटले व दुसऱ्याने ‘नको’ म्हटले, तर ते काम थांबे. तिसरे कुंपण अपिलाचे. अधिकाऱ्याने नागरिकाला देहदंड फर्मावला, तर त्या नागरिकाला रोमी जनतेकडे दाद मागता येई. या हक्काला ‘प्रोव्होकातिओ’ म्हणत. कॉन्सलच्या पुढे बारा लिक्टर, म्हणजे आपल्या भाषांतरातील चोपदार, चालत. त्यांच्या खांद्यावर छड्यांची मोळी व तीत खोवलेली कुऱ्हाड असे. नगराच्या हद्दीत मात्र ती कुऱ्हाड काढून ठेवावी लागे. येथे नागरिकाचा जीव एकट्या कॉन्सलच्या हाती नाही, असा त्याचा अर्थ होता.

चौथे कुंपण गोरगरिबांनी झगडून मिळवले. रोमच्या समाजात पॅट्रिशियन ही जुनी कुलीन घराणी व प्लेबियन हा बाकीचा समाज असा भेद होता. परंपरा सांगते की कर्जाने गांजलेले प्लेबियन इ. स. पू. ४९४ मध्ये नगर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले आणि त्यांची मनधरणी करताना त्यांना स्वतःचे अधिकारी देणे भाग पडले. हे ट्रिब्यून होत. पुढे त्यांची संख्या दहा झाली. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह मानला जाई. त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे असा दंडक होता, कारण कोणीही पीडित केव्हाही आश्रयाला येईल. आणि ‘मी मना करतो’ या अर्थाचा ‘व्हीटो’ हा एक शब्द उच्चारून तो कॉन्सललाही थांबवू शके.

या व्यवस्थेला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येणार नाही. गुलामांना व स्त्रियांना मत नव्हते. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ मतगट होते. त्यांत श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि बहुमत झाले की मोजणी थांबे, त्यामुळे गरिबांची पाळी पुष्कळदा येतच नसे. शिवाय अधिकारी दर वर्षी बदलत असल्यामुळे कायम बसणाऱ्या सिनेटचे वजन वाढत गेले. दीर्घकाळ सुमारे ३०० सभासद असलेली ही सभा नावाने सल्लागार होती. प्रत्यक्षात खजिना, परराष्ट्रनीती व युद्ध यांचे निर्णय तीच घेई. हे दोष मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की सत्ता असावी पण ती एका हाती, कायमची व अनुत्तरदायी नसावी, हे सूत्र रोमकरांनी शतकानुशतके जपले.

पदांची उतरंड

कॉन्सलपदाला पोहोचण्याचा मार्ग ठरलेला होता. त्याला ‘कुर्सुस होनोरुम’, म्हणजे सन्मानपदांची वाटचाल, म्हणत. इ. स. पू. १८० च्या कायद्याने या पदांसाठी वयाची अट घातली आणि पुढे सुल्लाने इ. स. पू. ८१ च्या सुमारास ती वाट पक्की केली. क्वेस्टर होण्यास ३० वर्षे, प्रीटर होण्यास ३९ वर्षे व कॉन्सल होण्यास ४२ वर्षे पूर्ण असावी लागत.

क्वेस्टर खजिना व हिशेब पाही. ईडाइलकडे रस्ते, बाजार, वजनेमापे, धान्यपुरवठा व सार्वजनिक खेळ असत. प्रीटर हा मुख्यतः न्यायाधिकारी. हे पद इ. स. पू. ३६६ मध्ये सुरू झाले आणि पुढे परकीयांचे खटले चालविण्यासाठी दुसरा प्रीटर नेमण्यात आला. यांच्याखेरीज दर पाच वर्षांनी दोन सेन्सर निवडले जात. नागरिकांची व त्यांच्या मालमत्तेची नोंद करणे आणि दुर्वर्तनी सभासदाचे नाव सिनेटच्या यादीतून खोडणे हे त्यांचे काम. औगुस्त कैसराच्या नावनिशीची जी वार्ता आपण ख्रिस्तजयंतीला ऐकतो, तिच्यामागे मोजणीची ही जुनी रोमी शिस्त उभी आहे. घोर संकटात एकाच व्यक्तीला हुकूमशहा नेमण्याची सोय होती, परंतु तिला कमाल सहा महिन्यांची मर्यादा होती.

या पदांना वेतन नव्हते. उलट उमेदवाराला पदरचा पैसा ओतावा लागे. करिंथ येथे १९२९ मध्ये सापडलेल्या एका फरसबंदीवरील लेखात एरास्त नावाच्या गृहस्थाने ईडाइलपद मिळाल्याबद्दल ती फरसबंदी स्वखर्चाने केल्याचे नमूद आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस सलाम सांगणारा नगराचा कारभारी एरास्त तो हाच असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तो तोच असो वा नसो, पदासाठी पैसा खर्चण्याची रीत त्या दगडावर स्पष्ट वाचावयास मिळते. रोममध्ये तर हा खर्च इतका वाढला की उमेदवार कर्जात बुडू लागले. ते कर्ज फेडावयाचे कोठून? प्रांतांतून.

प्रांतात कुंपण नाही

इ. स. पू. २४१ मध्ये कार्थेजचा पराभव झाल्यावर सिसिली बेट रोमच्या हाती आले व तो रोमचा पहिला प्रांत ठरला. पुढे प्रांत वाढत गेले. तेथे पाठवावयास अधिकारी पुरेनात, तेव्हा वर्ष संपलेल्या कॉन्सलची किंवा प्रीटरची सत्ता वाढवून त्याला प्रांतात धाडण्याची प्रथा पडली. ‘कॉन्सलच्या जागी’ काम करणारा म्हणून तो प्रोकॉन्सल.

येथे सारी रचना बदलते. वर सांगितलेली चार कुंपणे एकेक करून पाहावीत. मुदत होती, पण ती वाढविता येई. समान अधिकाराचा सहकारी प्रांतात नव्हता. ट्रिब्यूनचे संरक्षण रोम नगरापलीकडे पोहोचत नव्हते. अपिलाचा हक्क नागरिकाचा होता, आणि प्रांतातील बहुसंख्य लोक नागरिक नव्हतेच. रोममध्ये छाटलेले राजाचे इम्पेरियम प्रांतात असे पुन्हा जवळजवळ पूर्ण वाढीचे झाले.

त्याचे परिणाम ओळखून रोमकरांनी इ. स. पू. १४९ मध्ये प्रांतांतील लुबाडणुकीचे खटले चालविण्यासाठी कायम न्यायालय स्थापन केले. पण अधिकारी पदावर असेपर्यंत त्याला खेचता येत नसे, आणि नंतर न्याय करणारे बहुधा त्याच्याच वर्गातले. सर्वांत प्रसिद्ध खटला सिसिलीच्या व्हेरेसचा. तो इ. स. पू. ७३ ते ७१ या काळात तेथे सत्तेवर होता व इ. स. पू. ७० मध्ये सिसेरोने त्याच्यावर फिर्याद चालविली. तीन वर्षांपैकी एका वर्षाची लूट स्वतःसाठी, दुसऱ्याची वकिलांसाठी व तिसऱ्याची न्यायाधीशांसाठी, अशी वाटणी व्हेरेसने बोलून दाखविली होती, असा सिसेरोचा आरोप आहे. पुरावा इतका भक्कम होता की खटला पुरा होण्याआधीच व्हेरेस रोम सोडून गेला.

सिसेरोने पुढे प्रसिद्ध केलेल्या भाषणांत एक प्रसंग आहे, तो आपण विसरू नये. गावियुस नावाच्या माणसाला व्हेरेसने मेसाना येथे भर चौकात फटके मारविले. तो मनुष्य दुसरे काही न बोलता आपण रोमी नागरिक आहोत एवढेच सांगत राहिला. तरीही त्याला वधस्तंभावर चढविण्यात आले. सिसेरोचा संताप अनावर होतो तो एका निरपराध्याला वधस्तंभ मिळाला म्हणून नव्हे. रोमी नागरिकाला मिळाला म्हणून. बिगर-नागरिकाला तोच दंड मिळाला असता तर रोमच्या न्यायालयात कोणाचा आवाज इतका चढला नसता. पिलाताच्या न्यायासनाकडे जाताना हा भेद आपल्या मनात असला पाहिजे.

जुनी नावे, नवा धनी

इ. स. पू. पहिल्या शतकात सेनापतींच्या आपसांतील युद्धांनी प्रजासत्ताक खिळखिळे झाले. सहा महिन्यांचे हुकूमशहापद ज्यूलिअस सीझरने तहहयात घेतले व इ. स. पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला. त्याचा वारस औगुस्त अधिक सावध होता. त्याने एकही जुने पद मोडले नाही. कॉन्सल निवडले जात राहिले, सिनेट भरत राहिली. त्याने एवढेच केले की निरनिराळ्या पदांचे अधिकार पदांपासून सोडवून स्वतःपाशी गोळा केले. इ. स. पू. २३ पासून ट्रिब्यून न होता ट्रिब्यूनचा अधिकार त्याच्याकडे आला, सर्व प्रांताधिकाऱ्यांहून वरचढ असे इम्पेरियम त्याला मिळाले, आणि इ. स. पू. १२ मध्ये तो ‘पोंतिफेक्स माक्सिमुस’, म्हणजे रोमी धर्माचा मुख्य पुरोहितही झाला. जे अधिकार एकमेकांना आवरण्यासाठी वेगळे ठेवले होते ते एका मुठीत आले, आणि गरिबांचे रक्षण करणारा ट्रिब्यूनचा अधिकारच एकछत्री सत्तेचा मुख्य खांब बनला.

कर द्यावा की नाही या वादात प्रभूने जे नाणे मागून घेतले, ते तिबिर्य कैसराचे दिनार असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या एका बाजूला कैसराचा मुखवटा व ‘दिव्य औगुस्ताचा पुत्र’ ही पदवी, आणि दुसऱ्या बाजूला ‘मुख्य पुरोहित’ ही पदवी होती. देवपुत्रत्व व महायाजकत्व या दोहोंचा दावा करणारा धातूचा तो तुकडा कोणापुढे धरला गेला होता, याचा विचार धर्मशिक्षणाच्या वर्गात अवश्य करावा.

औगुस्ताने इ. स. पू. २७ मध्ये प्रांतांची विभागणी केली. शांत, जुने प्रांत सिनेटकडे राहिले; तेथे चिठ्ठ्या टाकून प्रोकॉन्सल ठरे व तो साधारणपणे एक वर्ष राही. कुप्र व अखया हे प्रेषितांच्या कृत्यांतील प्रांत या वर्गातले. गल्लियोचे नाव असलेला क्लौद्य कैसराच्या पत्राचा शिलालेख डेल्फी येथे सापडला आहे. त्यावरून गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमारास येतो, आणि एका वर्षाच्या या पदामुळेच पौलाचे करिंथमधील वास्तव्य इतक्या नेमकेपणाने ठरविता येते. सैन्य ठेवावे लागे असे सीमेवरचे प्रांत कैसराने स्वतःकडे ठेवले. तेथे तो आपला प्रतिनिधी, लेगातुस, पाठवी व मर्जी असेल तोपर्यंत ठेवी. सूरिया हा असा प्रांत होता. तिसरा वर्ग लहान पण अवघड मुलखांचा. तेथे सिनेटच्या खालच्या ‘अश्वारूढ’ वर्गातला प्रिफेक्ट नेमला जाई. इ. स. ६ मध्ये हेरोदपुत्र अर्खेलाव पदच्युत झाल्यावर यहूदीया या वर्गात गेला.

पिलात

पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा अधिकारी होता. कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेल्या शिळेवर त्याचे नाव व ‘यहूदीयाचा प्रिफेक्ट’ हे पद कोरलेले आहे. त्याच्यापाशी रोमी लिजन नव्हती, साहाय्यक पलटणी होत्या; मोठे बंड झाल्यास सूरियाच्या लेगातुसाकडे पाहावे लागे. परंतु आपल्या मुलखातील बिगर-नागरिकांच्या बाबतीत त्याचा अधिकार पूर्ण होता. पंच नाहीत, ठरावीक दंडसंहिता नाही, अपील नाही. तोच चौकशी करी, तोच निवाडा देई, त्याचेच शिपाई तो अमलात आणीत. आपणास सोडण्याचा व वधस्तंभी देण्याचा अधिकार आहे असे तो प्रभूला सांगतो, ती पोकळ बढाई नव्हती. ते त्याच्या पदाचे अचूक वर्णन होते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रभूच्या मृत्यूची शासकीय जबाबदारी रोमी अधिकाऱ्याची आहे. दंड रोमी, शिपाई रोमी अमलाचे, डोक्यावरील फलकही पिलातानेच लिहविलेला. यरुशलेमच्या धर्मपुढाऱ्यांनी फिर्याद आणली, हे शुभवर्तमाने सांगतात. पण फिर्यादी व न्यायाधीश या भूमिका भिन्न आहेत. शुभ शुक्रवारच्या प्रवचनांत पिलाताला केवळ एक अगतिक, भला माणूस रंगवून सारा दोष एका समाजाच्या माथी मारण्याची सवय कित्येक शतके चालली, आणि तिच्या पोटी यहुदी लोकांनी काय सोसले हे जगाने पाहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. ही शिकवण आपल्या प्रवचनात दिसावयास हवी, आणि त्याला पिलाताच्या पदाचे ज्ञान साहाय्य करते.

दुसरी गोष्ट त्याच्या भयाविषयी. याला सोडलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, या अर्थाचे शब्द कानी पडताच पिलात वळतो. ‘कैसराचा मित्र’ हा मान्यता पावलेला सन्मान होता. प्रजासत्ताकातील कॉन्सलला सहकाऱ्याचा अडथळा, ट्रिब्यूनची मनाई व वर्षअखेरची जबाबदेही यांची भीती असे. पिलाताला यांपैकी कशाचीच भीती नव्हती. त्याला भीती होती फक्त वरच्या एका माणसाची. ज्यांच्यावर सत्ता चालवायची त्यांना उत्तर देणे नाही आणि वरच्याची मर्जी हेच सर्वस्व, अशा पदावर बसलेल्या माणसाला निरपराध्याचा बळी देणे सोपे जाते. यामुळे त्याचा अपराध कमी होत नाही. तो अपराध कसा घडला हे मात्र कळते. अखेर शोमरोनी लोकांवरील कत्तलीची तक्रार झाली तेव्हा सूरियाच्या लेगातुसाने, व्हितेल्लियुसाने, पिलाताला जाब देण्यासाठी रोमला पाठविले. तो पोहोचण्यापूर्वीच तिबिर्य कैसर मरण पावला होता.

पौल

आता त्याच राज्यातील दुसरा आरोपी पाहू. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. तेथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसविले होते आणि रोमच्या दोन कॉन्सलांच्या धर्तीवर दोन नगराधिकारी व त्यांचे चोपदार होते. त्यांनी पौल व सीला यांना चौकशीवाचून छड्या मारविल्या. दुसऱ्या दिवशी हे नागरिक आहेत असे कळताच तेच अधिकारी घाबरून स्वतः विनवणी करण्यास आले. कारण नागरिकाला असे फटके मारण्यास इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून कायद्याने बंदी होती. यरुशलेमेत पलटणीचा सरदार क्लौद्य लुसिय पौलाला चाबकाखाली आणणार, एवढ्यात एका प्रश्नाने त्याचा हात थांबतो. लुसियाने नागरिकत्व मोठी रक्कम देऊन मिळविले होते. पौल जन्माने नागरिक होता.

नंतर कैसरियात फेलिक्स त्याला लाचेच्या आशेने दोन वर्षे अडकवून ठेवतो. हेच ते अनुत्तरदायी प्रांतपद. पण फेस्त आल्यावर पौल कैसराकडे दाद मागतो. फेस्त आपल्या सल्लागारांशी बोलतो आणि त्याला रोमला धाडण्याचे ठरवितो. रोमी जनतेकडे दाद मागण्याचा जो हक्क प्रजासत्ताकात होता, त्याचाच वारसा आता कैसराकडे दाद मागण्याच्या रूपाने उरला होता. कैसरिया हे पिलाताचेही मुख्य ठाणे. एकाच प्रांतात, तीस वर्षांच्या आत, समान अधिकाराच्या आसनापुढे दोन निरपराधी उभे राहिले. एकासाठी कायद्याचे दार उघडले, दुसऱ्यासाठी ते मुळात नव्हतेच. प्रभू ज्या मरणाने मेला ते गुलामांचे व प्रांतातील निराधारांचे मरण होते. पेत्र वधस्तंभावर व पौल तलवारीने मेला अशी जी प्राचीन परंपरा आहे, तीही हाच भेद दाखविते.

हे ध्यानी घेऊन फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र पुन्हा वाचावे. नागरिकत्वाचा अभिमान असलेल्या त्या वसाहतीला नागरिक पौल लिहितो की प्रभूने दासाचे रूप घेतले व वधस्तंभावरील मरण पत्करले. आणि पुढे सांगतो की आपले खरे नागरिकत्व स्वर्गात आहे. ज्यांना कोणताही कायदा वाचवीत नव्हता त्यांच्या रांगेत देवाचा पुत्र जाऊन उभा राहिला, हा त्या ओळींचा अर्थ त्या नगरात किती खोल उतरला असेल!

येथे एका व्यावहारिक प्रश्नाचाही निर्णय होतो. अन्याय झाला असता ख्रिस्ती माणसाने तो मुकाट्याने सोसावा की कायद्याचा आधार घ्यावा, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. विचारणारे बहुधा गरीब असतात. कोणाची जमीन गेलेली असते, कोणाची मजुरी बुडालेली असते. त्यांना केवळ प्रभूच्या मौनाचा दाखला देऊन परत पाठविणे उचित नाही. प्रभूला दाद मागण्यास जागाच नव्हती, आणि त्याने स्वेच्छेने आपला प्राण दिला. पौलाला जागा होती. त्याने तिचा उपयोग केला, आणि त्यामुळे तो शुभवर्तमानाची साक्ष देत रोमला पोहोचला. हक्क मागणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. ज्याच्यापाशी हक्काचा कागद आहे त्याला तो वापरण्यास साहाय्य करावे, आणि ज्याच्यापाशी कागदच नाही त्याच्या बाजूला प्रभू उभा आहे हे जाणून आपणही तेथे उभे राहावे.

आपल्याकडे आलेला वारसा

रोमचे साम्राज्य गेले, पण त्याच्या पदांची नावे ख्रिस्तसभेत राहिली. डायोक्लेशियन सम्राटाने (इ. स. २८४-३०५) प्रांतांचे मोठे गट पाडले, त्यांना ‘दियोसेसिस’ असे नाव होते व प्रत्येकावर एक ‘विकारियुस’ असे. आपण मराठीत ‘धर्मप्रांत’ म्हणतो तेव्हा त्या जुन्या प्रांतव्यवस्थेचीच आठवण ठेवतो, आणि ‘व्हिकर’ हा शब्दही तेथूनच आला. ‘बासिलिका’ ही मुळात न्यायनिवाड्याची व व्यवहाराची रोमी इमारत होती. ‘पोंतिफेक्स’ ही पदवीही आपल्या परिचयाची आहे.

नावे आली, त्यांबरोबर कुंपणेही आली की नाहीत, हे प्रत्येक पदधारकाने स्वतःस विचारावे. प्रभूने शिष्यांना बजावले होते की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण चालवितात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हावयाचे त्याने सेवक व्हावे. रोमकरांनी सत्तेला काळ, सहकारी, अपील व मनाई यांची कुंपणे घातली, कारण माणसाच्या स्वभावावर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्याला तर पापाचे ज्ञान आहे. तेव्हा धर्मग्रामाचा हिशेब एकट्याच्या हाती न ठेवणे, निर्णयापूर्वी सहकाऱ्यांचे ऐकणे, लहानात लहान माणसाला दाद मागण्यास दार उघडे ठेवणे, या गोष्टी आपल्याला अधिकच आवश्यक आहेत. पिलाताचे आसन फक्त यरुशलेमेत होते असे नाही. ज्याला कोणी ‘नको’ म्हणू शकत नाही अशा प्रत्येक खुर्चीच्या ठिकाणी ते पुन्हा मांडले जाते. विश्वासांगीकारात पिलाताचे नाव घेताना धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी एवढे स्मरण ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.